खानदेशातील बरड, मुरमाड जमिनी : ओळख आणि वापर

खानदेश म्हटले की तापीकाठची काळीभोर जमीन, रावेर-यावलच्या केळीबागा आणि कपाशीचे ढीग डोळ्यांपुढे येतात. परंतु साक्री, शिंदखेडा, धुळे, पारोळा, चाळीसगाव, जामनेर, बोदवड या तालुक्यांत फिरताना निराळे चित्र दिसते. सपाट माथ्याचे डोंगर, त्यांच्या अंगाखांद्यावर पसरलेले माळ, आणि माळावर वीतभर मातीखाली लागलीच मुरूम. या जमिनीला आपण बरड, मुरमाड, खडकाळ, हलकी अशा नावांनी ओळखतो. यांपैकी 'हलकी' या शब्दाने तिचे बरेच नुकसान केले आहे. हलकी म्हणजे निकृष्ट असे समजून कोणी ती पडीक टाकतो, तर कोणी भारी जमिनीतले पीक तिच्यात घेऊन ती भारी झाल्यासारखी वागेल अशी आशा धरतो. दोन्हीकडून तोटा शेतकऱ्याचाच.

बरड जमिनीत खरी उणीव आहे ती खोलीची. कसाची उणीव आहे, पण ती दुसऱ्या क्रमांकाची आणि भरून काढता येण्यासारखी. हा फरक नीट ध्यानात घेतला तर खरिपाचे बरेच निर्णय सोपे होतात.

खडक तशी माती

आपला खडक म्हणजे बेसाल्ट, काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले, त्याचाच हा भाग. जगात सपाट माथ्याचे डोंगर इतरत्रही आहेत. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, कोलोरॅडोच्या पठारावर, असेच टेबलासारखे डोंगर आहेत. पण तेथे बऱ्याच ठिकाणी खडक वालुकाश्माचा, म्हणजे वाळूच्या दगडाचा आहे. वालुकाश्म झिजला की वाळूच उरते. अशी जमीन पाणी चटकन पिते, चटकन सोडते, आणि तिच्यात अन्नद्रव्येही फारशी नसतात. आपल्या राज्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे वालुकाश्म आहे. खानदेशच्या माळाखाली मात्र सर्वसाधारणपणे बेसाल्टच लागतो.

बेसाल्टमध्ये वाळूचे मूळ द्रव्य, म्हणजे गारगोटी, जवळजवळ नसते. (दगडाच्या पोकळ्यांत चमकणारे पांढरे खडे सापडतात ते मागाहून भरलेले.) त्यामुळे बेसाल्ट कुजला की आधी मुरूम आणि शेवटी चिकणमाती होते, चुना, मॅग्नेशियम आणि लोह तिच्यात उतरतात. बरड जमिनीत हाताला खरखर लागते ती बहुतेक वाळू नसून मुरमाचे बारीक कण असतात. खात्री करून घ्यावयाची असल्यास चिमूटभर 'रेती' ओली करून दोन सपाट दगडांमध्ये रगडावी. वाळू असेल तर ती कचकच करील आणि तशीच राहील. मुरूम असेल तर चुरून बोटाला चिकट लेप बसेल. आपल्या बहुतेक माळांवर लेपच बसतो.

याचा अर्थ असा की बरडातील बारीक माती ही काळ्या मातीचीच सख्खी बहीण आहे. ती ओल धरते, खत धरते. ती थोडी आहे आणि तिच्यात दगडगोटे मिसळलेले आहेत, एवढेच.

माथा, उतार आणि पायथा

लाव्हारसाचे थर सारखे नाहीत. काही थर घट्ट, काळे आणि एकसंध असतात. त्यांचे कडे बनतात आणि माथे सपाट राहतात. काही थर सच्छिद्र, ठिसूळ असतात. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. हे लवकर झिजतात आणि तेथे उतार पडतो. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखा लाल मातीचा पट्टा लागतो.

एकाच गावच्या शिवारात यामुळे तीन तऱ्हेच्या जमिनी आढळतात. माथ्यावर माती उथळ, पण उतार कमी असल्याने जागच्या जागी राहिलेली. उतारावर दगड जास्त आणि माती सर्वांत कमी. पायथ्याला वरून वाहून आलेली माती साचलेली, मध्यम ते खोल. बांधावर उभे राहून ज्या शेताला आपण सरसकट बरड म्हणतो, त्याच्याच खालच्या कोपऱ्यात कित्येकदा दीड-दोन फूट माती निघते. तेथे बाजरी आणि वर कपाशी असा उलटा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. कारण विचारता 'वरचा तुकडा मोठा आहे म्हणून' असे उत्तर मिळाले!

धुळे आणि साक्री भागात आणखी एक विशेष आहे. जमिनीतून भिंतीसारख्या सरळ निघालेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब रांगा येथे दिसतात. खडकाच्या भेगांत खालून लाव्हा घुसून थिजल्याने त्या तयार झाल्या. अशी भिंत घट्ट असेल तर ती भूजलाला आडवी येते आणि तिच्या वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी टिकते. भिंतच भेगाळलेली असेल तर पाणी तिच्यातून निघून जाते. नवीन विहिरीची जागा ठरविण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

जमिनीचा माठ केवढा?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जमीन हा पाण्याचा माठ आहे असे समजा. बारीक माती दर १० सें.मी. खोलीला पिकाला घेता येईल असे ढोबळमानाने १५ मि.मी. पाणी धरते. माती २० सें.मी. असेल तर हा साठा झाला ३० मि.मी. पण तिच्यात एक तृतीयांश खडे असतील तर त्या जागेत पाणी मावत नाही. उरले २० मि.मी. ऑगस्टमध्ये भर वाढीत असलेली बाजरी रोज ४ ते ५ मि.मी. पाणी वापरते. म्हणजे माठ काठोकाठ भरलेला असला तरी चार-पाच दिवसांत रिकामा. मुळे खालच्या मऊ मुरमात उतरली तर आणखी दोन-तीन दिवस. त्यानंतर पीक तग धरते, वाढत नाही.

याउलट मीटरभर खोल काळ्या जमिनीत १८० ते २०० मि.मी. पाणी राहते. तेथे तेच पीक सव्वा महिना निभावते.

धुळे जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून पाऊस सरासरी ५०० ते ६०० मि.मी.च्या आसपास पडतो. जळगावला सुमारे ७०० मि.मी. हा आकडा फार वाईट नाही. अडचण आहे ती पाऊस पडण्याच्या रीतीत. एका दिवसात ६० मि.मी. पाऊस झाला तर २० मि.मी.च्या माठात तो मावणार कसा? उरलेला वाहून जातो किंवा मुरमातून खाली झिरपतो. मग दोन-तीन आठवड्यांची उघडीप पडते, आणि खानदेशात ती बहुतेक वर्षी पडतेच. म्हणून बरड जमिनीच्या शेतकऱ्याने पाऊस एकूण किती झाला यापेक्षा दोन पावसांत अंतर किती पडले याची नोंद ठेवावी. शेजारच्या काळ्या रानात त्याच गावचा, तोच पाऊस पुरला म्हणून आपल्याही रानात पुरेल असे नाही.

माती वाहून जाण्याचा हिशेबही असाच डोळ्यांत अंजन घालणारा आहे. एक हेक्टरवरून १ मि.मी. जाडीचा थर गेला म्हणजे १० घनमीटर, सुमारे १३ टन माती गेली. डोळ्यांना तो दिसतही नाही. दोन मीटर खोल जमिनीतून १ सें.मी. माती गेली तर माठ अर्ध्या टक्क्याने लहान होतो, २० सें.मी.च्या जमिनीतून तेवढीच गेली तर पाच टक्क्यांनी. आणि खडकापासून सेंटिमीटरभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. बांधबंदिस्तीची गरज काळ्या जमिनीपेक्षा बरडाला अधिक आहे ती या कारणाने.

खोली मोजण्याची साधी रीत

पहिला चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की लोखंडी पहार घेऊन शेतात जावे. एकरी निदान आठ-दहा ठिकाणी, वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत, ती ठोकून पाहावी. जेथे आवाज बदलतो आणि हाताला दणका बसतो तेथे मुरूम लागला. दोन ठिकाणी टिकावाने खड्डा घेऊन अंदाज पडताळावा. खड्ड्यातच मुरूम मऊ की कठीण ते पाहावे. नखाने किंवा खुरप्याच्या टोकाने खरवडला जात असेल आणि त्यात बारीक मुळ्या शिरलेल्या दिसत असतील तर तो मऊ. ही गोष्ट मोलाची आहे, कारण मऊ मुरूम हा पिकाचा राखीव साठा असतो. त्यानंतर घमेलेभर माती वाळवून बारीक चाळणीने चाळावी आणि वर राहिलेले खडे तोलावेत. वजनात निम्मे खडे निघाले तरी घाबरू नये. दगड जड असल्याने जागेच्या हिशेबाने ते एक तृतीयांशाच्या आसपासच भरतात.

शेताचा साधा नकाशा वहीत काढून हे आकडे लिहून ठेवावेत. हे काम एका सकाळचे आहे, आणि एकदाच करावयाचे आहे.

खोलीनुसार पीक

सात-आठ सें.मी.पेक्षा कमी माती असलेल्या तुकड्यात नांगर घालूच नये. ती जागा गवताची. सुमारे २० ते २५ सें.मी.पर्यंत मटकी आणि हुलगा ही हक्काची पिके. पंचवीस ते ४५ सें.मी. पट्ट्यात बाजरी, मूग, तीळ, भुईमूग घेता येतात. त्यात तुरीचे आंतरपीक घ्यावयाचे तर बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ ठेवावी, आणि तूर मऊ मुरूम असलेल्या भागातच धरावी. तिचे सोटमूळ मुरमात उतरते म्हणून ती टिकते. कठीण खडकावर ती फुलोऱ्यात माना टाकते.

वाणांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. भुईमुगाचा देशभर गाजलेला जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, हा जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा. उपटा, लवकर येणारा असल्याने तो उथळ जमिनीला सोसतो. तिळाचा तापी हा वाणही जळगावचाच. धुळ्याच्या बाजरी संशोधनातून फुले आदिशक्ती, फुले महाशक्ती हे संकरित वाण आले, आणि लोहाचे प्रमाण अधिक असलेला धनशक्ती २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. धनशक्ती सुमारे ७५ ते ८० दिवसांत येतो. वाण निवडताना उत्पन्नाच्या आकड्याआधी दिवसांचा आकडा वाचावा.

कपाशीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. सन २००२ मध्ये बीटी कपाशी आली आणि पुढील काही वर्षांत ती माळावरही चढली. बोंडअळीचा बंदोबस्त झाला म्हणून पीक कोठेही येईल असे वाटू लागले. परंतु बियाण्यातला गुण माठ मोठा करीत नाही. दीडशे-एकशेऐंशी दिवसांच्या संकरित कपाशीला सर्वांत जास्त पाण्याची गरज सप्टेंबर-ऑक्टोबरात, बोंडे भरताना लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस खानदेशातून निघून जातो. काळ्या जमिनीत तेव्हा साठा शिल्लक असतो. बरडात आठवड्यात संपतो. पाने लाल होतात, पात्या-बोंडे गळतात, एक वेचणी कशीबशी निघते. बियाणे, खत, फवारणी हा खर्च तर सगळा आधीच झालेला असतो, आणि पुष्कळदा तो उधारीचा असतो. विहिरीचे एक-दोन पाणी देण्याची सोय नसेल तर ४५ सें.मी.पेक्षा उथळ जमिनीत लांब मुदतीची कपाशी लावू नये, असे माझे ठाम मत आहे. कपाशी घ्यावयाचीच असेल तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने उथळ ते मध्यम जमिनीसाठी लवकर येणाऱ्या, आटोपशीर वाढीच्या वाणांची सघन लागवड सुचविली आहे, तिची माहिती घ्यावी. तेथे झाडे जास्त पण प्रत्येक झाडावर बोंडे थोडी, आणि ती लवकर फुटतात.

खत एकदम देऊ नये. थोड्या मातीत नत्र टिकत नाही. मोठ्या पावसात ते मुरमाखाली निघून जाते. हलक्या जमिनीतील बाजरीसाठी हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद धरावे. पेरताना स्फुरद आणि अर्धे नत्र, उरलेले नत्र पंचवीस-तीस दिवसांनी जमिनीत ओल पाहून. ओल नसेल तर थांबावे. भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर चुनखडीमुळे लोह मिळत नाही असे समजावे व अर्धा टक्का हिराकसाची फवारणी करावी.

नांगरट, दगड आणि गाळ

ट्रॅक्टरचा पलटी नांगर बरडात खोल घालणे म्हणजे खालचा मुरूम वर आणि वरची माती खाली करणे. येथे वखराच्या पाळ्या पुरेशा होतात. जेसीबीने सपाटीकरण करताना हाच घोटाळा होतो. आधी वरची माती एका बाजूला ओढून ठेवावी, मुरूम सारखा करून घ्यावा, मग माती परत पसरावी. भाड्याचे तास वाढतात, पण अन्यथा शेताच्या निम्म्या भागात उघडा मुरूम राहतो आणि तेथे कित्येक वर्षे पीक धड येत नाही.

मोठे दगड वेचून उताराला आडवे, समपातळीत रचावेत. बारीक खडे मात्र वेचण्याच्या भरीस पडू नये. वरचा खड्यांचा थर पावसाच्या थेंबाचा मार अंगावर घेतो आणि खालची ओल उडू देत नाही. पेरणी व कोळपणी उताराला आडवी करावी, आणि पीक महिन्याचे झाल्यावर ठराविक ओळींनंतर एक सरी काढावी म्हणजे पुढचा पाऊस तीत अडतो. अमेरिकेतील होपी जमातीचे शेतकरी ॲरिझोनाच्या वाळवंटी पठारावर, ओलिताशिवाय, मका वीतभर खोल आणि ठोंबा-ठोंबांत बरेच अंतर ठेवून लावतात. त्यांची रीत आपल्या मुरमात जशीच्या तशी चालणार नाही, कारण इतके खोल पेरण्यास येथे माती नाही. पण झाडांची संख्या जमिनीतल्या पाण्याच्या हिशेबाने ठेवावयाची, हे सूत्र तेच. बाजरीची विरळणी म्हणूनच टाळू नये.

माठ मोठा करण्याचा एक खरा उपाय आहे, तो तलावातील गाळ. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून गाळ नेणे सोपे झाले आहे. पण हिशेब करून न्यावा. एक एकरावर एक इंच थर देण्यास सुमारे ३६ ब्रास गाळ लागतो. पाच-दहा ट्रॉल्या एकरभर पसरून काही साधत नाही. त्यापेक्षा अर्धा एकर निवडून तेथे दोन-तीन इंच द्यावा. गाळ उन्हाळ्यात पसरावा, ढेकळे उन्हाने फुटू द्यावीत आणि वखराने मुरमाड मातीत मिसळावा. नुसता वर थापला तर चिकण थर आणि खडे यांची सांध जमत नाही. पाणी वरच्या थरात अडून राहते. नेण्यापूर्वी गाळाची क्षारता मृद चाचणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी. खारवट गाळ शेतात टाकून काढता येत नाही.

थोडे पाणी असेल तेथे सीताफळ, बोर, आवळा ही झाडे मुरमाड जमिनीला मानवतात. खड्डा मुरमात घेऊन चांगल्या मातीने व शेणखताने भरला की मुळे बाजूच्या भेगांतून वाट काढतात. ठिबक संच असल्यास चार दिवसांनी सहा तास चालविण्याऐवजी रोज किंवा दिवसाआड थोडा वेळ चालवावा. लहान माठात एकदम ओतलेले पाणी मुळांखाली निघून जाते.

माळावरचे पाणी जाते कोठे

बरडातून खाली झिरपलेले पाणी वाया जात नाही. ते कोणाच्या तरी विहिरीत उतरते. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतून येणाऱ्या पांझरेवर फड बागायतीचे बंधारे शेकडो वर्षांपासून चालत आले. खालच्या फडांना पाणी मिळते ते वरच्या उथळ जमिनी पाऊस साठवू शकत नाहीत म्हणूनच. त्याच तालुक्यातील बारीपाड्याच्या ग्रामस्थांनी १९९० च्या दशकापासून चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ११०० एकर जंगल राखले, श्रमदानाने बंधारे घातले, आणि गावाचे पाणी परत आणले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तापीचा गाळ आणि सातपुड्याच्या पायथ्याचा बेसाल्ट यांतील फरक ओळखून नाले रुंद व खोल केले आणि बिनदरवाज्याचे बंधारे बांधले. दोन्ही ठिकाणी कामाची सुरुवात आपल्या पायाखाली काय आहे हे पाहण्यापासून झाली.

आपल्या शिवारातील नांगराबाहेरच्या तुकड्यावर समपातळीत चर खोदून त्यांच्या भरावावर पवन्या, मारवेल ही गवते आणि स्टायलो लावावे. पहिली दोन वर्षे गुरे सोडू नयेत. गवत कापून आणावे. कुसळी गवतच जास्त दिसत असेल तर चराई प्रमाणाबाहेर झाली असे समजावे. मारवेल फुलोऱ्यावर येताच कापल्यास वैरण सकस मिळते. बी धरावयाचे असेल तर तेवढा पट्टा वेगळा राखावा आणि पुढील जूनमध्ये शेजारच्या उघड्या माळावर ते बी ओल्या मातीत कालवून फोकावे.